भरल्या सभागृहातले भूत

२०२४ साली महाराष्ट्रातील पंचांगांप्रमाणे नरक चतुर्दशी गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला आली होती. शुक्रवारी लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज असा सणाचा मुख्य भाग आठवड्याच्या अखेरीला जोडून आल्यामुळे चित्रपट-व्यवसायाच्या दृष्टीने ते तीन दिवस वर्षातील सर्वांत मोलाच्या दिवसांपैकी होते. त्या शुक्रवारी अनीस बज्मी यांचा ‘भूल भुलैया ३’ आणि रोहित शेट्टी यांचा ‘सिंघम अगेन’ हे दोन मोठे हिंदी चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. त्यांपैकी पहिला भय-विनोदी जातीचा, म्हणजे प्रेक्षकाला दचकवणारा आणि तो सावरण्याच्या आत त्याला हसवणारा. या प्रकाराविषयी लिहिताना समीक्षक बहुधा कथानकापाशी थांबतात आणि कथानक बहुधा त्यांची निराशा करते. परंतु शेवटच्या रांगेत बसून पडद्याऐवजी पुढच्या रांगांतील डोक्यांकडे पाहत राहिले, तर असे लक्षात येते की भय-विनोदी चित्रपट पडद्यावर अर्धाच तयार झालेला असतो. उरलेला अर्धा भाग त्या खेळाला जमलेली गर्दी तयार करते, आणि असा चित्रपट सणाच्या सुटीत लावण्यामागचे व्यावहारिक शहाणपणही तेच आहे.

या गर्दीसमोर चित्रपट उभा करण्याचे काम पहिला प्रेक्षक दारात येण्याच्या बरेच आधी सुरू होते. रिळांच्या काळात चित्रपट पत्र्याच्या डब्यांतून येत असे आणि डबा पोहोचला की खेळ लावता येत असे. आज तो डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुलूपबंद फायलींच्या संचाच्या रूपात हार्ड डिस्कवरून किंवा उपग्रहामार्फत येतो आणि प्रक्षेपकाला जोडलेल्या सर्व्हरवर चढवला जातो. तेथे तो प्रदर्शनाच्या आधीच येऊन बसलेला असला, तरी तो उघडत नाही, कारण उघडण्यासाठी लागणारी सांकेतिक किल्ली स्वतंत्रपणे पाठवली जाते आणि ती किल्ली विशिष्ट सर्व्हरपुरती व विशिष्ट मुदतीपुरतीच चालते. त्यामुळे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री प्रक्षेपणकक्षात, ज्याला जुने कर्मचारी अजूनही केबिन म्हणतात, ऑपरेटरचे पहिले काम चित्रपट आला का हे पाहण्याचे नसून ‘की’ आली का, ती बरोबर पडद्याची आहे का आणि तिची वेळ कधी सुरू होते, हे तपासण्याचे असते. सणाच्या दिवसांत ही तपासणी अधिक काटेकोर करावी लागते, कारण गर्दी पाहून ऐनवेळी एखादा खेळ लहान सभागृहातून मोठ्या सभागृहात हलवायचा झाला, तर त्या मोठ्या सभागृहाच्या सर्व्हरची किल्लीही हाताशी असावी लागते. किल्ली लागू झाल्यावर जाहिराती, ट्रेलर, राष्ट्रगीत, प्रमाणपत्र, चित्रपट आणि मध्यंतर यांची क्रमवार यादी सर्व्हरवर रचली जाते, आणि दिवे कोठे मंद व्हावेत व कोठे विझावेत याच्या खुणाही त्याच यादीत घातल्या जातात. पुढे खेळ सुरू झाला की बहुतेक सगळे आपोआप घडते.

कोणत्या सभागृहात किती वाजता कोणता खेळ लावायचा, याला व्यवसायात प्रोग्रॅमिंग म्हणतात. ‘भूल भुलैया ३’ आणि ‘सिंघम अगेन’ यांच्या वितरकांत पडद्यांच्या वाटणीवरून बरीच ओढाताण झाली होती, आणि त्या ओढाताणीचे मूळ उत्पन्नाच्या वाटणीत आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स चालक यांच्यातील दीर्घ संपानंतर ठरलेल्या सूत्राप्रमाणे करवजा उत्पन्नातील वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के असा उतरत जातो, म्हणून पहिल्या तीन दिवसांत जितके खेळ पदरात पडतील तितके हवे असतात. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्सने सोयीच्या वेळा द्याव्यात, असा आग्रह राज्य सरकारने २०१५ साली धरला होता. सणाच्या शुक्रवारी वेळापत्रक पाहिले की त्या आग्रहाचे काय झाले, हे विचारण्याची गरज उरत नाही.

वेळापत्रक तयार करणाऱ्याला ग्राहकाच्या आवडीइतकेच पंचांगही वाचता यावे लागते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारचे खेळ ठीक चालतात, दिवेलागणीच्या खेळाला मात्र खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण त्या वेळी माणसे घरी, दुकानात किंवा पेढीवर पूजेला बसलेली असतात. फटाके आणि जेवण आटोपल्यावर रात्री दहाच्या खेळाला तीच माणसे पुन्हा बाहेर पडतात. त्या वर्षी उत्तरेत अनेक ठिकाणी दिवाळीची मुख्य रात्र ३१ ऑक्टोबरलाच साजरी झाली, त्यामुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहे ज्या संध्याकाळी ओस होती, त्या संध्याकाळी तिकडची भरत होती. पाडव्याला दिवसभर सारखी गर्दी असते. भाऊबीजेला मात्र दुपारचे जेवण आणि ओवाळणी झाल्यानंतर, साधारण तीन-साडेतीनच्या खेळाला, एक वेगळाच प्रेक्षक येतो: भाऊ, बहिणी, मेहुणे, भाचे, आजी असे एकाच घरचे आठ-दहा जण, सलग एका रांगेत. भय-विनोदी चित्रपटासाठी याहून चांगला प्रेक्षक मिळणे कठीण, आणि असे का, हे सभागृहात बसल्यावरच समजते.

चित्रपट सुरू होण्यापूर्वीचा काळ या दृष्टीने निरर्थक नसतो. तंबाखूविरोधी चित्रफीत लागते आणि तिच्यातील वाक्ये तोंडपाठ असलेली मुले ती मोठ्याने म्हणतात. राष्ट्रगीताला सारे उभे राहतात (सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते ऐच्छिक केले असले, तरी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत त्याची प्रथा त्याआधीपासूनची आहे). मग प्रमाणपत्र पडद्यावर येते. २०२४ च्या प्रमाणन नियमांनी ‘यूए’ गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन उपगट केले, परंतु हे वयाचे आकडे पालकांच्या माहितीसाठी असतात, ‘ए’ प्रमाणपत्राप्रमाणे दारावर अडवण्यासाठी नसतात. त्यामुळे डोअरकीपर कडेवरच्या मुलांनाही आत सोडतो, आणि भुताच्या चित्रपटात रडण्याची हमखास तयारी असलेला एक घटक प्रत्येक खेळात हजर राहतो. हे सारे उरकेपर्यंत अनोळखी माणसांनी एकत्र उभे राहणे, एकत्र बसणे आणि एकत्र हसणे या तिन्ही गोष्टी केलेल्या असतात. सभागृह तापलेले असते.

भयाचे काम बहुतांशी आवाज करतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर ऐकून केले जाते तीच पातळी चित्रपटगृहात मिळावी म्हणून ध्वनियंत्रावर एक संदर्भ-आकडा ठरलेला असतो. प्रचलित मापनपट्टीवर तो ७ आहे आणि त्या आकड्याला ठरावीक चाचणी-ध्वनी प्रत्येक मुख्य ध्वनिवर्धकातून ८५ डेसिबल इतका ऐकू यावा, असा संकेत आहे. प्रत्यक्षात जाहिरातींचा गोंगाट आणि प्रेक्षकांच्या तक्रारी यांमुळे बहुतेक ठिकाणी आवाज त्याहून खाली ठेवला जातो. सणाच्या दिवशी मात्र एक वेगळी अडचण उभी राहते. माणसांची शरीरे आणि त्यांचे कपडे ध्वनी शोषून घेतात, शिवाय गर्दीची स्वतःची कुजबुज, खाण्याच्या पिशव्यांची चुरचुर आणि लहान मुलांची रडारड यांचा एक थर कायम पसरलेला असतो, त्यामुळे सकाळच्या निम्म्या रिकाम्या खेळाला पुरेसा वाटणारा आवाज दुपारच्या भरलेल्या खेळाला दबलेला वाटतो. अनुभवी ऑपरेटर पहिल्या गाण्याच्या वेळी सभागृहाच्या दाराशी येऊन क्षणभर ऐकतो आणि परत जाऊन आकडा किंचित वर सरकवतो. हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते, आणि आपोआप चालणाऱ्या त्या साऱ्या व्यवस्थेत मानवी कानाला उरलेले हे जवळजवळ एकमेव काम आहे.

आवाज वाढवणे सोपे. भय-विनोदी चित्रपटाला आवाज नाहीसा करणे अधिक महत्त्वाचे असते. नायक हातात दिवा घेऊन जुन्या वाड्याच्या बोळात शिरतो, तेव्हा प्रथम पार्श्वसंगीत थांबते, नंतर बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज काढून घेतला जातो, आणि उरतो तो पावलांचा आवाज आणि अगदी खालच्या पट्टीतील, कानापेक्षा छातीला जाणवणारा घुमारा, जो पडद्यामागील मोठ्या सबवूफरमधून येतो. या टप्प्यावर प्रेक्षकांकडे पाहिले तर पुढच्या रांगांतील डोकी खुर्चीच्या पाठीआड हळूहळू बुडताना दिसतात, आणि अंधारात इकडेतिकडे मोबाइलचे पडदे उजळतात. मोबाइल उघडणारा कंटाळलेला आहे असे वरवर वाटते. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो आणि डोळ्यांना दुसरीकडे वळण्याचे सभ्य निमित्त शोधत असतो. मुले पहिल्या दोन-तीन दचक्यांपर्यंत डोळ्यांवर हात ठेवतात, पण त्यानंतर तेच हात कानांवर जातात, कारण भय कोठून येते हे त्यांनी मोठ्यांच्या आधी ओळखलेले असते.

दचका स्वतः एखाद्या क्षणाचा असतो. अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला शरीर विचार करण्यापूर्वीच प्रतिसाद देते: पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. मन आधीच धास्तावलेले असेल आणि भोवती अंधार असेल, तर हा प्रतिसाद आणखी तीव्र होतो. चित्रपटकारांनी या गुणधर्माचा उपयोग फार पूर्वी ओळखला. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात रात्री एकट्या चालणाऱ्या स्त्रीचा कोणी पाठलाग करीत आहे असे वाटत असताना शेजारी एकदम एक बस फुस्स करून थांबते. त्या चित्रपटाचे निर्माते व्हॅल लुटन यांच्या नावावरून अशा खोट्या दचक्याला व्यवसायात ‘लुटन बस’ म्हटले जाते. निखळ भयपटात असा खोटा दचका तोंडी लावण्यापुरता येतो, भय-विनोदी चित्रपटात तो मुख्य अन्न असतो. खांद्यावर पडलेला हात मित्राचा निघतो, पांढरी आकृती वाळत घातलेल्या धोतराची निघते, सभागृह किंचाळते आणि हसते. आणि ते हसू अर्ध्यावर असताना, स्नायू सैल पडलेले असताना, खरे भूत पुढे केले जाते. हा क्रम तिसऱ्यांदा आला की प्रेक्षकाला तो कळलेला असतो, तरीही तो चालतो, कारण कळणे आणि दचकणे ही शरीराची दोन वेगळी खाती आहेत.

मागून पाहणाऱ्याला या प्रसंगातील सर्वांत रंजक भाग दचक्यानंतरचा दिसतो. पूर्ण रांग एका लाटेत उसळून खाली बसते, मग एखादा सेकंद कोणीच काही करत नाही, आणि मग जो सर्वांत मोठ्याने ओरडला असतो तोच बहुधा प्रथम हसतो. हे हसू पडद्यावरील विनोदाला मिळालेले नसते. बहीण भावाकडे पाहून हसते, भाचा मामाच्या सांडलेल्या पॉपकॉर्नकडे पाहून हसतो, आणि ‘मी नाही घाबरलो’ हे वाक्य निरनिराळ्या वयांच्या आवाजांत ऐकू येते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने हसण्याच्या नोंदी गोळा करून असे दाखवले होते की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो. डॉल्फ झिलमन यांनी मांडलेला उत्तेजना-संक्रमणाचा सिद्धान्तही येथे लागू पडतो: एका भावनेने शरीरात निर्माण केलेली खळबळ लगेच ओसरत नाही आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या भावनेला ती आयती वापरायला मिळते. म्हणून दचक्यानंतर आलेला सामान्य विनोदही मोठे हसे मिळवतो, आणि म्हणूनच भाऊबीजेच्या दुपारी एका घरची दहा माणसे ज्या वाक्याला पोट धरून हसतात, त्याच वाक्याला सोमवारी सकाळी आलेला एकटा प्रेक्षक ढिम्म राहतो.

हशाची व्यवस्था लावणे हे रंगभूमीपेक्षा चित्रपटात अवघड असते. मराठी नट हशा आला की थांबतो, तो ओसरू लागला की नेमक्या क्षणी पुढचे वाक्य टाकतो, आणि हशा अपेक्षेपेक्षा लहान आला तर थांबणेही आखडते घेतो; ‘लाफ्टर घेणे’ या नाट्यव्यवसायातील शब्दप्रयोगात हे सारे कौशल्य आले. चित्रपटाला थांबता येत नाही. संकलकाला महिनोन्महिने आधी, रिकाम्या खोलीत, न जमलेल्या प्रेक्षकांचा हशा किती लांब असेल याचा अंदाज करून तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ही जागा उघडी दिसू नये म्हणून तेथे दुय्यम पात्रांचे चेहरे घातले जातात. ‘भूल भुलैया ३’ मध्ये राजपाल यादव, संजय मिश्रा आणि अश्विनी काळसेकर या तिघांचे काम बऱ्याच अंशी हेच आहे: प्रसंग घडून गेल्यावर एकमेकांकडे आणि कॅमेऱ्याच्या आसपास पाहणे, काहीही महत्त्वाचे न बोलणे, आणि सभागृहाचे हसून होईपर्यंत पडदा सांभाळणे. हे काम करणाऱ्या नटांना समीक्षेत क्वचितच ओळ मिळते. पाडव्याच्या संध्याकाळी अंदाज अपुरा ठरतो आणि तीन-चार वाक्ये हशात बुडतात. कोणी तक्रार करीत नाही.

भय आणि हास्य यांची ही युती भारतीय काव्यशास्त्राला सहज मान्य झाली नसती. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त परस्परविरोधी रस सांगताना भयानक आणि करुण हे दोन्ही हास्याचे विरोधी मानले आहेत. मात्र विरोधी रसांना एकत्र नांदवण्याच्या युक्त्याही त्या परंपरेने, विशेषतः आनंदवर्धनाने, सांगून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक अशी की दोन रसांचे आश्रय, म्हणजे ती भावना ज्याच्या ठिकाणी वसते ती पात्रे, वेगवेगळी ठेवावीत. भय-विनोदी चित्रपट नेमके हे करतो, फक्त दुसरा आश्रय तो पडद्याबाहेर नेतो: भय पडद्यावरच्या विदूषकी पात्राच्या ठिकाणी ठेवायचे आणि हसू खुर्चीतल्या प्रेक्षकाकडे सोपवायचे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाची एक देवता सांगितली आहे, आणि हास्याची देवता म्हणून तेथे प्रमथांचा, म्हणजे शिवाच्या भूतगणांचा, उल्लेख आहे. हसण्याचे अधिष्ठान भुतांकडे देणाऱ्या ग्रंथकाराला सिंधुदुर्गातील दशावतार पाहून मुळीच नवल वाटले नसते. तेथे काळ्या वेषातला संकासुर वेद पळवणारा राक्षस म्हणून येतो, पहिल्या रांगेतील मुलांना घाबरवतो, आणि पुढचा बराच वेळ तोच सगळ्यांना हसवतो.

मराठी वाचकाला दिवाळी आणि भूत यांची जोडीही अपरिचित नाही. फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक उघडून रत्नाकर मतकरी किंवा नारायण धारप यांची कथा वाचणे आणि रात्री परसात जाताना सोबत मागणे, हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ, गिऱ्हा, देवचार अशी पदे आणि अधिकार ठरवून दिलेली भुतांची बिरादरी कोकणात तर तोंडपाठ असते. तिच्यातील मुंजाला आदित्य सरपोतदार यांनी ‘मुंज्या’त पडद्यावर आणले. हा चित्रपट ७ जून २०२४ रोजी, कोणताही सण नसताना, प्रदर्शित झाला आणि तरीही त्याने गर्दी खेचली, यावरून या प्रकाराला सण हवाच असे नाही, गर्दी मात्र हवीच, असे म्हणता येते. पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकाचा ‘थामा’ २१ ऑक्टोबरला, मंगळवार असूनही, महाराष्ट्रातील लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लावण्यात आला. गर्दी नशिबावर सोडण्याची निर्मात्यांची तयारी नव्हती. ‘भूल भुलैया ३’ चे कथानक बंगालात घडते, आणि तेथे महाराष्ट्र नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान करीत असतो त्याच तिथीला भूत चतुर्दशी पाळतात, पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. चित्रपटाने या योगायोगाचा फारसा उपयोग करून घेतला नाही, ही त्याची एक हुकलेली संधी म्हटली पाहिजे.

मध्यंतर हा हिंदी चित्रपटाचा अर्थकारणाने घातलेला विराम आहे. खाद्यपदार्थांच्या विक्रीवर वितरकाचा वाटा नसल्यामुळे चित्रपटगृहाची खरी कमाई या दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि काउंटरमागचे कर्मचारी दिवे लागण्याच्या पाच मिनिटे आधीच पॉपकॉर्नचे डबे भरून ओळीने मांडून ठेवतात. भय-विनोदी चित्रपटात मध्यंतराच्या आधीचा शेवटचा प्रसंग भुताचा चेहरा दाखवून तोडलेला असतो, त्यामुळे रांगेत उभे असलेले लोक कथेबद्दल तर्क करीत असतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते कोण किती घाबरले याचे हिशेब मांडत असतात, आणि घाबरलेल्या मुलाला पुन्हा आत न्यायचे की बाहेर बसवायचे यावर एखाद्या जोडप्यात वाटाघाटी चाललेल्या असतात.

उत्तरार्धात सभागृह बदलते, आणि त्याचे कारण ‘भूल भुलैया’ मालिकेच्या जन्मकथेत आहे. या मालिकेचे मूळ फाझिल यांच्या १९९३ सालच्या ‘मणिचित्रताळ्’ या मल्याळम चित्रपटात आहे. त्यातील शोभना यांच्या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कन्नड, तमिळ आणि बंगाली रूपांनंतर २००७ मध्ये प्रियदर्शन यांनी त्याचा हिंदी ‘भूल भुलैया’ केला, आणि विद्या बालन यांची मंजुलिका तेव्हापासून लोकांच्या लक्षात आहे. मूळ कथेत भूत नव्हतेच. होता तो एका स्त्रीच्या मनाचा आजार, आणि शेवटी मानसोपचारतज्ज्ञ त्याचा उलगडा करतो. पुढच्या भागांनी भूत खरे केले, पण उलगडा करण्याची सक्ती सोडली नाही. त्यामुळे तिसऱ्या भागातही विद्या बालन आणि माधुरी दीक्षित यांच्या एकत्र नृत्यावर शिट्ट्यांचा पाऊस पडून गेल्यावर जुन्या काळाची कथा सांगण्याचे काम सुरू होते: कोणावर अन्याय झाला, कोणी केला, आणि त्याचे परिमार्जन कसे व्हावे. आजच्या हिंदी भय-विनोदी चित्रपटाचा हा जवळजवळ नियमच झाला आहे. ‘स्त्री’ मधील भुतालाही असाच भूतकाळ होता. नैतिकदृष्ट्या हे स्वागतार्ह असेल. सभागृहाच्या दृष्टीने मात्र या टप्प्यावर भयभीत मुले निर्धास्त होतात, मोबाइल उजळतात आणि या वेळी ते खरोखरच कंटाळ्याने उजळतात, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्यांची रांग लागते. विश्वनाथाने हास्याचे दोन विरोधी सांगितले होते. भय-विनोदी चित्रपट पहिल्याला, भयानकाला, आश्रय वेगळे ठेवून जिंकतो. दुसऱ्यापुढे, करुणापुढे, तो हमखास अडखळतो, कारण भुताची दया येऊ लागली की त्याला घाबरणाऱ्यांवर हसणे प्रेक्षकालाच अवघडल्यासारखे होते. आसू आणि हसू एकत्र चालवणारे चित्रपट नाहीत असे नाही, पण त्यांना त्यासाठी पहिल्या रिळापासून तयारी करावी लागते; शेवटच्या अर्ध्या तासात करुण रस पाहुण्यासारखा येऊन यजमानाच्या खुर्चीत बसू शकत नाही.

खेळ सुटतो तेव्हा दाराबाहेर पुढच्या खेळाची गर्दी उभी असते. दोन खेळांमधल्या पंधरा-वीस मिनिटांत चार-पाच कर्मचारी लांब दांड्यांचे झाडू आणि मोठ्या पिशव्या घेऊन वरच्या रांगेपासून खाली उतरत येतात, आणि त्यांना चित्रपट कसा आहे हे प्रेक्षकांपेक्षा वेगळ्या खुणांनी कळते: मारामारीच्या चित्रपटात पॉपकॉर्न खुर्चीखाली एका ठिकाणी सांडलेले असते, भुताच्या चित्रपटात ते पुढच्या रांगेपर्यंत उडालेले असते. रात्रीच्या शेवटच्या खेळाला तरुणांचे गट येतात, ते दचका येण्यापूर्वीच ओरडून त्याचा मुहूर्त बिघडवतात आणि त्यातच त्यांचा आनंद असतो. त्या खेळाला ऑपरेटर आवाजाच्या आकड्याकडे पाहतसुद्धा नाही.

सोमवारी वेळापत्रक बदलते, सकाळच्या खेळांची संख्या घटते आणि आकडा पुन्हा खाली येतो. ‘भूल भुलैया ३’ डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला, आणि ज्यांनी तो तेथे प्रथम पाहिला त्यांच्यापैकी अनेकांनी तो लांबलेला आणि सैल आहे असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. संकलकाने सहाशे माणसांच्या हशासाठी सोडलेली जागा घरच्या दिवाणखान्यात तशीच उघडी पडते, तिघांचे चेहरे एकमेकांकडे पाहत राहतात, आणि रिमोट हातात असलेला प्रेक्षक चित्रपट दहा सेकंद पुढे ढकलतो.